'शेड चुकली तर सिमेंटने जुळवा': एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

दंतवैद्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला अधूनमधून फिरत असतो, आणि नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेली मंडळी तो जपून ठेवतात. त्याचा आशय असा: लॅबकडून आलेल्या व्हिनियरची (दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायच्या सिरॅमिकच्या पातळ पापुद्र्याची) किंवा सिरॅमिक कॅपची शेड, म्हणजे ठरवलेला रंग, जुळत नसेल, तर केस परत पाठवण्यात वेळ घालवू नये, तुकडा दाताला चिकटवणाऱ्या रेझिन सिमेंटची शेड बदलली की रंग जुळतो. ट्राय-इन पेस्ट (चिकटवण्याआधी रंग पाहण्यासाठी लावायची तात्पुरती पेस्ट) लावून जे दिसते तेच शेवटी मिळते. एका कंपनीचे ए-२ या शेडचे सिमेंट संपले तर दुसऱ्या कंपनीचे ए-२ चालते. दात काळवंडलेला असेल तर पांढरे ओपेक (अपारदर्शक) सिमेंट वापरावे, आणि शंका असेल तिथे ड्युअल क्युअर (प्रकाशाने आणि रासायनिक क्रियेने, दोन्हींनी घट्ट होणारे सिमेंट) घ्यावे, कारण ते हमखास घट्ट होते. यातील एकही विधान पूर्णपणे खोटे नाही, आणि म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. प्रत्येक विधान एका मर्यादेत खरे आहे; ती मर्यादा मात्र सल्ल्यात कुठेच सांगितलेली नसते.

सिमेंटची शेड बदलली की रंग जुळतो, हा या सल्ल्याचा गाभा आहे, त्यामुळे त्यावर अधिक थांबणे भाग आहे. चिकटवलेल्या सिरॅमिकचा जो रंग आपल्याला दिसतो तो तीन थर मिळून ठरवतात: खालचा घासून तयार केलेला दात, मधले सिमेंट आणि वरचे सिरॅमिक. यांपैकी सिमेंटचा थर सर्वांत पातळ असतो. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ४०४९ क्रमांकाच्या मानकानुसार चाचणीत रेझिन सिमेंटचा थर ५० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षा जाड भरता कामा नये. प्रत्यक्ष तोंडात तो काही ठिकाणी याहून जाड राहतो हे खरे, पण वरच्या सिरॅमिकच्या तुलनेत तो तरीही अगदी थोडाच असतो. वर ०.३ ते ०.७ मिलिमीटर जाडीचे, जास्त पारभासी लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकचे व्हिनियर असेल तर हा थर खरोखर जाणवतो. पातळ कापडाच्या पोलक्याला आतून कोणत्या रंगाचे अस्तर लावले आहे ते बाहेरून कळते, जाड खणाच्या पोलक्याचे कळत नाही, तसाच हा प्रकार आहे. सिरॅमिकची जाडी दीड-दोन मिलिमीटरपर्यंत गेली की सिमेंटच्या शेडमधला फरक बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही. धातू-सिरॅमिक कॅपखाली तर तो दिसण्याचा प्रश्नच नसतो. तिथे सिमेंट दिसलेच तर हिरडीलगतच्या कडेला दिसते, आणि ते दिसणे हा शेडचा नव्हे तर कॅप नीट न बसल्याचा दोष असतो.

पातळ व्हिनियरखाली सिमेंटचा परिणाम जाणवतो, हे मान्य केले तरी तो किती आणि कोणत्या दिशेने होतो हे पाहावे लागते. दोन रंगांतील अंतर मोजण्यासाठी सीआयई या प्रकाश व रंगमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची १९७६ सालची लॅब (L*a*b*) पद्धत वापरतात आणि त्या अंतराला डेल्टा-ई म्हणतात. दंतवैद्यकातील रंगमापनावर आयएसओने २०१६ साली काढलेल्या २८६४२ क्रमांकाच्या तांत्रिक अहवालानुसार सुमारे १.२ इतके अंतर निम्म्या निरीक्षकांना जाणवते, आणि सुमारे २.७ पर्यंतचे अंतर निम्मे निरीक्षक चालवून घेतात. अर्ध्या मिलिमीटरच्या पारभासी व्हिनियरखाली सर्वांत फिके आणि सर्वांत गडद सिमेंट वापरून पाहिले, तर त्यांच्यातील फरक ही दुसरी मर्यादाही ओलांडू शकतो. त्यामुळे सिमेंटची शेड कोणतीही घेतली तरी चालते, असे उलट टोक गाठणारेही चुकतात. मात्र सिमेंटने जे हलते ते मुख्यतः दाताचा उजळपणा, ज्याला आपण व्हॅल्यू म्हणतो, आणि तोही थोडासा. व्हीटा कंपनीच्या १६ टॅबच्या (दाताच्या आकाराच्या नमुन्यांच्या) क्लासिकल शेड गाइडमध्ये ए गट लालसर-तपकिरी, बी लालसर-पिवळा, सी करडा आणि डी लालसर-करडा असतो. लॅबने सी-२ च्या जागी ए-२ बनवले असेल तर मूळ रंगछटाच चुकलेली असते, आणि ती बदलण्याइतके रंगद्रव्य मिलिमीटरच्या विसाव्या भागात मावत नाही. ए-३.५ च्या शेजारी ए-१ येऊन पडले असेल तरी तेच. रंगछटा बरोबर आहे, दात किंचित मंद किंवा किंचित उजळ दिसतो आहे आणि व्हिनियर पातळ आहे, एवढ्या तीन अटी एकत्र आल्या तरच सिमेंट उपयोगी पडते. सल्ल्यातील 'कॅप' हा शब्द तर सरळ गाळून टाकावा लागेल.

ट्राय-इन पेस्टबद्दलचे विधान जास्त फसवे आहे, कारण पेस्ट वापरलीच पाहिजे यात दुमत नाही. कोरडे व्हिनियर दातावर नुसते टेकवून पाहिले की मध्ये हवेचा थर राहतो, प्रकाश तिथेच विखुरतो, आणि तुकडा आहे त्यापेक्षा पांढरा व अपारदर्शक दिसतो. पेस्टने ती पोकळी भरते, म्हणून कोरड्या तपासणीपेक्षा पेस्टची तपासणी केव्हाही चांगली. पण ही पेस्ट म्हणजे बहुधा ग्लिसरीनमध्ये कालवलेले, पाण्याने धुऊन जाणारे रंगद्रव्य असते. ते रेझिन नसते आणि ते घट्टही होत नाही. उलट, अनेक सिमेंटांमध्ये प्रकाशाने क्रिया सुरू करणारे कॅम्फरक्विनोन हे द्रव्य मुळात पिवळे असते आणि क्युअर झाल्यावर, म्हणजे घट्ट झाल्यावर, त्याचा पिवळेपणा ओसरतो. म्हणजे नळीतून बाहेर पडलेले सिमेंट, घट्ट झालेले सिमेंट आणि पेस्ट या तिघांचे रंग एकमेकांशी तंतोतंत जुळतील असे गृहीत धरता येत नाही. हे पडताळणे अवघड नाही. पांढऱ्या मिक्सिंग पॅडवर पेस्टचा आणि त्याच शेडच्या सिमेंटचा एकेक थेंब शेजारी ठेवावा, दोन्हींवर पारदर्शक मायलर पट्टी दाबून त्यांची जाडी सारखी करावी, सिमेंट क्युअर करावे आणि मग खिडकीच्या उजेडात दोन्ही पाहावेत. काही शेडमध्ये फरक दिसणार नाही, काहींत चांगलाच दिसेल, आणि कोणत्या शेडमध्ये तो दिसतो हे आपल्या दवाखान्यातील सिमेंटपुरते तरी आपल्याला ठाऊक असले पाहिजे. पेस्टऐवजी खरे सिमेंटच लावून शेड पाहणारेही आहेत. त्यांनी खुर्चीवरचा दिवा बंद ठेवावा, नाहीतर रंगाचा विचार चालू असतानाच सिमेंट आवळू लागते.

याच टप्प्यावर आणखी एक चूक होते, आणि तिचा उल्लेख मूळ सल्ल्यात नाही. पेस्ट लावून शेड पाहिली जाते तेव्हा रुग्णाचे तोंड बराच वेळ उघडे असते, कापसाचे बोळे लावलेले असतात, सक्शन चालू असतो. दातातील ओल कमी झाली की एनॅमल (दाताचे बाहेरचे कवच) फिके आणि खडूसारखे पांढरे दिसू लागते. यासाठी काही मिनिटे पुरतात, पण मूळ रंग परत यायला अर्ध्या तासाहूनही अधिक वेळ लागतो, कधी दुसरा दिवस उजाडतो. अशा वेळी उजवीकडच्या मधल्या दातावर व्हिनियर टेकवून आपण त्याची तुलना शेजारच्या वाळलेल्या दाताशी करतो, व्हिनियर गडद वाटते, म्हणून फिके सिमेंट निवडतो, आणि आठवड्याने रुग्ण परत येतो तेव्हा तेच व्हिनियर शेजारच्या दातापेक्षा उजळ दिसते. दोष सिमेंटला दिला जातो. खरे तर सिमेंटने सांगितलेले काम केलेले असते. शेड ठरवायची ती भेटीच्या सुरुवातीला, दात ओले असताना, ओठांवरची लिपस्टिक पुसून, दिवसाच्या उजेडाशी जुळणाऱ्या प्रकाशात, आणि एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त न पाहता. जास्त वेळ टक लावून पाहिले की डोळे त्या रंगाला सरावतात आणि फरक कळेनासा होतो.

एका कंपनीचे ए-२ म्हणजे दुसऱ्या कंपनीचे ए-२, हे विधान थोडक्यात निकालात काढता येते. व्हीटाची टॅब काही मिलिमीटर जाडीच्या सिरॅमिकची असते, आणि सिमेंट वापरले जाते अगदी पातळ थरात. त्यामुळे नळीवरचे ए-२ हे फार तर जवळपासचा निर्देश असते. त्या नावाखाली किती रंगद्रव्य आणि किती अपारदर्शकता असावी हे प्रत्येक उत्पादक आपापले ठरवतो. काही उत्पादकांनी ही अक्षरे मुख्य नावांतून काढूनच टाकली आहेत. इव्होक्लारच्या व्हेरिओलिंक एस्थेटिकमध्ये लाइट प्लसपासून न्यूट्रलमार्गे वॉर्म प्लसपर्यंत उजळपणाची पाच पायऱ्यांची शिडी आहे, तर कुराराईच्या पॅनाव्हिया व्ही-५ मध्ये युनिव्हर्सल, क्लिअर, ब्राउन, व्हाइट आणि ओपेक अशी नावे आहेत. एका कंपनीची ट्राय-इन पेस्ट आणि दुसऱ्या कंपनीचे सिमेंट अशी जोडी लावणाऱ्यांनी तर तपासणी न केल्यासारखीच आहे.

काळवंडलेल्या दाताखातर ओपेक सिमेंट, हे विधान ऐकायला सर्वांत व्यवहार्य वाटते. मार लागून मेलेला, पूर्वी रूट कॅनाल झालेला आणि करडा-तपकिरी पडलेला पुढचा दात समोर असला की काहीतरी पांढरे मध्ये घालावे असे कोणालाही वाटेल. पण ओपेक सिमेंट प्रकाश आत जाऊ देत नाही, आणि पातळ व्हिनियर नैसर्गिक दिसते ते नेमके प्रकाश आत जातो म्हणून. त्यामुळे काळेपणा काहीसा झाकला जातो, उजळपणा वाढतो, पण दात शेजारच्या दातांपुढे सपाट आणि निर्जीव दिसतो. ५० मायक्रॉनमध्ये गडद दात पुरता झाकला जात नाही हे लक्षात आले की मग थर जाड ठेवण्याचा मोह होतो, आणि जाड थर घट्ट होताना अधिक आकसतो व कडेला उघडा पडलेला भाग लवकर झिजतो. अशा दातासाठी निर्णय आधीच घ्यावा लागतो. आतून ब्लीचिंग शक्य असेल तर ते करून सुमारे दोन आठवडे थांबावे, कारण दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनला घट्ट होऊ देत नाही आणि रंगही तोवर स्थिरावतो. नाहीतर थोडे जास्त घासून सिरॅमिकला जागा द्यावी आणि कमी पारभासी सिरॅमिक मागवावे. आणि काहीही ठरले तरी घासलेल्या दाताची शेड लॅबला कळवावी. यासाठी एनडी-१ ते एनडी-९ अशी वेगळी शेड गाइड मिळते. तंत्रज्ञ त्या रंगाचे रेझिन भरून दाताची प्रतिकृती बनवतो आणि तिच्यावर तुकडा ठेवून रंग पाहू शकतो. ही माहिती न देता नुसते 'ए-२' लिहून पाठवलेल्या केसमध्ये लॅबने शेड चुकवली असे म्हणणे अन्यायाचे आहे. मोबाइलवर काढलेला फोटोही पुरत नाही. निदान निवडलेली टॅब दाताच्या पातळीत धरून, तिचा क्रमांक दिसेल असा फोटो पाठवावा.

ड्युअल क्युअरबद्दल एवढेच म्हणता येईल की जाड आणि अपारदर्शक सिरॅमिकखाली, जिथे दिव्याचा प्रकाश पुरेसा पोहोचत नाही, तिथे ते हवेच. पातळ व्हिनियरखाली मात्र प्रकाश सहज पोहोचतो आणि तिथे त्याची गरज नसते. पारंपरिक ड्युअल क्युअर सिमेंटमधील तृतीयक अमाइन (घट्ट होण्याच्या क्रियेला मदत करणारी द्रव्ये) कालांतराने ऑक्सिडीकरण होऊन पिवळे पडतात, आणि पुढच्या दातांवर तो पिवळेपणा पातळ सिरॅमिकमधून बाहेर येतो. अमाइनविरहित सिमेंटे आल्यापासून ही तक्रार कमी झाली आहे. तेव्हा खोक्यावरची माहिती वाचावी.

शेड खरोखरच चुकली असेल तर काय करावे, हा प्रश्न उरतो. चिकटवण्यापूर्वी लॅब सिरॅमिकच्या पृष्ठभागावर स्टेन (रंग) लावून तुकडा पुन्हा भाजू शकते. या उपायाने दात गडद करता येतो, रंग थोडा पिवळसर किंवा तपकिरीकडे नेता येतो. उजळ मात्र करता येत नाही. म्हणून तुकडा गरजेपेक्षा उजळ आला असेल तर दुरुस्ती शक्य असते, आणि गडद आला असेल तर तो नव्याने बनवून घ्यावा लागतो. त्यात चार-सहा दिवस जातात आणि रुग्णाला तेवढे दिवस तात्पुरत्या व्हिनियरवर काढावे लागतात. मात्र चुकलेला तुकडा चिकटवून मग काढायचा झाला तर तो डायमंड बरने कापूनच काढावा लागतो, आणि सिमेंटचा रंग दाताशी मिळताजुळता असल्यामुळे सिरॅमिक कुठे संपले, सिमेंट कुठे संपले आणि एनॅमल कुठे सुरू झाले हे बरखाली नीट कळत नाही.