नवऱ्याला चेकपॉइंटवर सोडून मी पुढे का गेले

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि मनापासून लिहिलेली आहे. तिच्याखाली दोन ओळी टाकून मोकळं होणं मला पटेना, म्हणून वेगळं उत्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मॅराथॉन दे साब्ल या मोरोक्कोच्या सहारात टप्प्याटप्प्याने अनेक दिवस चालणाऱ्या शर्यतीबद्दलच्या लेखात मी लिहिलं होतं की लांब टप्प्यात नवऱ्याची तब्येत बिघडली, त्याने शर्यत सोडली आणि मी पुढे जाऊन टप्पा पूर्ण केला. तसं आमचं आधीच ठरलं होतं, हेही लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की याला जोडीने धावणं म्हणत नाहीत. सोडूनच जायचं तर दोघांनी जायचं कशाला? वाळवंट एकट्यानेच पार करावं, ही शर्यत सुरू करणारा पॅट्रिक बाउअरही एकटाच गेला होता. आणि जोडीने धावणं म्हणजे शेवटी धडधाकट माणसाने दुसऱ्याला ओढायचं, त्याचं ओझंही आपल्याच पाठीवर घ्यायचं. तुम्ही दोघं नाव नोंदवायच्या विचारात होतात आणि माझा लेख वाचून तुमच्या पत्नीने नकार दिला, हेही तुम्ही लिहिलंय. ते वाचल्यावर तर उत्तर देणं भागच होतं.

ओझ्याचं आधी सांगते, कारण ते लवकर संपतं. या शर्यतीत तंबू आणि पाणी आयोजकांचं, बाकी सगळं आपल्या पाठीवर. बॅगेचं वजन पाणी सोडून किमान साडेसहा आणि जास्तीत जास्त पंधरा किलो. रोजचं किमान २००० कॅलरींचं खाणं, होकायंत्र, शिट्टी, आरसा, विष ओढून काढायचा पंप, हेडटॉर्च हे सगळं प्रत्येकाकडे स्वतःचं असावं लागतं आणि सुरुवातीलाच तपासणी होते. त्यामुळे बायकोचं सामान नवऱ्याने वाहिलं, असं चित्र तिथे उभंच राहत नाही. आणि ओढण्याचं म्हणाल, तर कोण कोणाला ओढतंय हे तासातासाला बदलतं. कडक, दगडी सपाटीवर तो माझ्यापेक्षा कितीतरी वेगात जातो. मऊ वाळूच्या टेकड्या आल्या की त्याचे पाय रुततात आणि मी पुढे निघते. रात्री तर मीच पुढे असते. साधारण २५० किलोमीटरच्या वाटेवर 'कमकुवत कोण' याचं एक उत्तर मला कधी सापडलेलं नाही.

बाउअरबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. १९८४ मध्ये अल्जीरियाच्या वाळवंटात तो पाठीवर पाणी आणि खाणं घेऊन १२ दिवसांत ३५० किलोमीटर एकटा चालला. पण परत आल्यावर त्याने काय केलं ते पाहा. १९८६ मध्ये त्याने पहिली शर्यत भरवली, २३ धावपटू घेऊन. आज तिथे आठ-आठ जण एका तंबूत झोपतात, एकमेकांच्या फोडांना टेप लावतात, पहाटे एकमेकांना उठवतात. ज्या माणसाने एकट्याने वाळवंट पार केलं, त्यानेच ही सोबत उभी केली. एकट्याने जाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण वाळवंटात एकटं पडणं काय असतं तेही विसरू नका. १९९४ मध्ये माउरो प्रोस्पेरी हा इटालियन धावपटू वाळूच्या वादळात वाट चुकला आणि आठवड्याहून जास्त काळाने थेट अल्जीरियात सापडला. वादळात जिथे असाल तिथेच थांबा, असा नियम आहे. पण शर्यत चालू असताना एकट्या माणसाला थांबणं किती जड जातं, हे धावणाऱ्या कुणालाही विचारा. दोघं असलं की त्यातला एक जण तरी म्हणतो, बस खाली.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही लिहिलंय, 'मी असतो तर हात सोडला नसता.'

समजा, आमचा नियम उलटा असता. एक थांबला की दुसऱ्यानेही थांबायचं. ऐकायला छान वाटतं. पण भर उन्हात पोट ढवळायला लागलेल्या माणसाच्या जागी बसून विचार करा. आपण तोंड उघडलं की आपली शर्यत तर जाणारच, हिचीही जाणार. हिची पहाटेची धावणं, हिची रजा, हिने साठवलेले पैसे, सगळं आपल्या एका वाक्याने पाण्यात. असा माणूस काय करतो? तो गप्प बसतो. 'जरा पित्त झालंय, होईल ठीक' म्हणतो आणि चालत राहतो. प्रेम जितकं जास्त, तितकं लपवणं जास्त. मला या लपवण्याची भीती वाटते, एकटं पुढे जाण्याची नाही.

कारण उन्हात लपवलेली गोष्ट फार झटपट हाताबाहेर जाते. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदूवर परिणाम होतो. म्हणजे आपल्याला काहीतरी होतंय हे ज्याने ओळखायचं, तो विवेकच आधी जातो. दुसरा धोका रक्तातलं सोडियम उतरण्याचा. गरजेपेक्षा जास्त पाणी पीत गेलं की तसं होतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलंय, म्हणून तो आणखी पाणी पाजतो आणि प्रकरण चिघळतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यांच्यापैकी १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं होतं. तीही एका दिवसाची, रस्त्यावरची शर्यत.

इथे जोडीदाराचा खरा उपयोग आहे आणि तो हात धरण्यात नाही. अनोळखी डॉक्टरला माझा नवरा एरवी कसा असतो हे ठाऊक नसतं, मला असतं. चढावर तो अखंड बडबडतो. तो गप्प झाला की मी मागे वळून बघते. त्याची अंगठी बोटात फिरते का, घड्याळाचा पट्टा मनगटात रुतलाय का, लघवीला शेवटचा कधी गेला, हे मी विचारते आणि तोही मला विचारतो. वेदनाशामक गोळी दुसऱ्याला सांगितल्याशिवाय घ्यायची नाही, हाही नियम आहे. २०१७ मध्ये अशाच अनेक दिवसांच्या शर्यतींमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ८० किलोमीटरच्या टप्प्यात आयबुप्रोफेन घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त धावपटूंच्या मूत्रपिंडाला इजा झालेली दिसली. ज्यांना औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होतं. गुडघा ठणकत असताना हे आकडे एकट्याला आठवत नाहीत. आठवण करून द्यायला दुसरं माणूस लागतं.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. लांब टप्पा होता, दगडी सपाटी, सावलीचा मागमूस नाही. मी थोडी पुढे होते. त्याने हाक मारली आणि स्वतःहून सांगितलं, "दोनदा उलटी झाली. मिठाची गोळी पण बाहेर पडली." मी बाटली पुढे केली. त्याने झाकणाखाली अंगठा घालायचा प्रयत्न केला, तो निसटला. परत घातला, परत निसटला. रोज शंभर वेळा उघडलेलं ते झाकण होतं. मग आमचा ठरलेला प्रश्न विचारला: पुढचा चेकपॉइंट किती किलोमीटरवर? त्याने आदल्या दिवशीचा आकडा सांगितला.

तिथून आम्ही सावकाश चालत चेकपॉइंट गाठला. तिथे डॉक्टर होते, सावली होती, त्याला छावणीत न्यायला गाडी होती. त्याने थांबायचं, हे डॉक्टरांनी ठरवलं. मी कधी निघायचं याच्या तीन अटी आम्ही घरीच लिहून ठेवल्या होत्या: तो डॉक्टरांच्या ताब्यात असावा, नीट सलग बोलत असावा, आणि तुझी इथे गरज नाही असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगावं. यातली एक जरी पूर्ण झाली नसती, तर मी तिथून हलले नसते. तिन्ही पूर्ण होईपर्यंत मी त्याच्या मानेवर ओला रुमाल ठेवत बसले होते. मग त्यानेच सांगितलं, "निघ आता. उंट आले तर तूही बाद होशील." शर्यतीत सगळ्यांच्या मागून दोन उंट चालतात. ते आपल्या पुढे गेले की आपली शर्यत संपली.

पुढचे तास सोपे नव्हते. माझं अर्धं लक्ष मागे होतं आणि मी रडलेही. पण तो हाक मारायला एक तास उशीर करता तर काय झालं असतं, हा विचारही त्याच वाटेवर आला. त्याने उशीर केला नाही, कारण त्याच्या बोलण्याने माझं काही जाणार नव्हतं. तुम्हाला जो नियम निर्दय वाटला, त्याच्यामुळे तो वेळेवर बोलला, असं मी ठामपणे मानते.

तुमच्या पत्नीबद्दल. त्यांचा नकार नेमका कशाला आहे, ते त्यांना विचारा. उन्हाला, अंतराला, की मागे एकटं राहायला? उन्हाची तयारी करता येते. दहा-चौदा दिवस उन्हात सराव केला की घाम लवकर यायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. अंतराची तयारी बॅग पाठीवर घेऊन लागोपाठ दोन दिवस लांब चालून-धावून होते. मागे राहणं त्यांना नकोच असेल, तर तुमचा नियम आमच्यासारखा असायलाच हवा असं नाही. दोघांनी थांबायचं ठरवा. मात्र मग नाव नोंदवायच्या आधीच तुम्ही त्यांना सांगायला हवं की तुझ्यामुळे माझी शर्यत गेली तरी मला चालेल, आणि ते त्यांना खरं वाटायला हवं. सरावातच कळेल. पायाला फोड आल्याचं त्या तुम्हाला लगेच सांगतात की घरी पोहोचल्यावर, एवढं बघा. आणि तुम्ही त्यांना कधी सांगता, तेही.

शेवटी तुम्ही स्टोव्हचं विचारलं होतंत. जोडप्याने एकच स्टोव्ह आणि एकच भांडं नेलं तर वजन वाचतं, हे खरं. आम्ही दोन नेले होते. टेप, मिठाच्या गोळ्या, हेडटॉर्चचे जादा सेल, सगळं दोघांचं वेगवेगळं. त्या रात्री टप्पा संपवून मी तंबूत आले तेव्हा तो झोपला होता, आणि मला गरम काहीतरी खायला त्याची बॅग उपसावी लागली नाही.