मारिको हरली, असे म्हणणाऱ्यांसाठी

आज दुपारी आमच्या जुन्या मित्रमंडळींच्या गटात ‘शोगुन’ या जुन्या जपानवरच्या मालिकेच्या नवव्या भागावर जे काही लिहिले गेले, ते वाचून माझे डोके तापले आहे. गटात चार ओळींपलीकडे कोणी वाचत नाही, म्हणून उत्तर इथे लिहीत आहे. पुढची पर्वे येणार असल्याचे जाहीर झाल्यापासून अनेकांनी २०२४ मधले पहिले पर्व पाहायला घेतले आहे आणि त्याचा मला खरे तर आनंदच होता. पण एकाने लिहिले, की भागाचे नाव ‘क्रिमझन स्काय’, हेच कथेतल्या ओसाकाच्या किल्ल्यावर हल्ला करण्याच्या बेताचे नाव, म्हणजे तो हल्ला दिसणार म्हणून रात्री जागलो, आणि प्रत्यक्षात एक बाई (म्हणजे मारिको) दारापर्यंत जाऊन परत आली. दुसऱ्याने विचारले, की तिला शस्त्र चालवता येते असे आधीपासून सांगत आलात, मग तिने काय दिवे लावले? तिसऱ्याने फक्त हसणारे चेहरे टाकले. (ज्यांनी अजून पाहिलेले नाही त्यांनी इथेच थांबावे, मी शेवटापर्यंत सगळे सांगणार आहे.)

आधी प्रसंग नीट मांडते, कारण माझी अशी खात्री झाली आहे, की यांतल्या निम्म्या लोकांनी तो हातातल्या मोबाइलवर दुसरेच काहीतरी वाचता वाचता पाहिला. जपानी संवादांखालच्या ओळी वाचायच्या असतात, त्यामुळे या मालिकेत मान खाली घातली की कथा निसटते. मारिको ही तोरानागा या बड्या सरदाराची विश्वासू दुभाषी; त्याच्या आज्ञेवरून ती ओसाकाला येते. तिथे तोरानागाचा शत्रू इशिदो याने मोठमोठ्या सरदारांना आणि त्यांच्या घरच्यांना मोठ्या आदराने ठेवून घेतले आहे. सगळे पाहुणे आहेत, सगळ्यांची बडदास्त आहे, फक्त कोणाला बाहेर पडता येत नाही आणि तसे कोणी मोठ्याने म्हणतही नाही. मारिको भर दरबारात सांगते, की धन्याच्या आज्ञेप्रमाणे मी त्यांच्या घरच्या स्त्रियांना घेऊन येथून निघणार. तिला कोणी ‘नाही’ म्हणत नाही, कारण ‘नाही’ म्हटले की पाहुणे कैदी ठरतात. मग ती खरोखरच निघते. किल्ल्याच्या वाटेत पहारेकरी आडवे येतात, तिची माणसे एकेक करून पडतात आणि शेवटी ती स्वतः नागिनाता, म्हणजे लांब दांड्याचे पात्याचे शस्त्र, हातात घेऊन त्या भाल्यांच्या रांगेवर चालून जाते. तिला मागे ढकलले जाते, ती पुन्हा जाते, पुन्हा ढकलली जाते, आणि अखेर, धन्याची आज्ञा पाळता आली नाही म्हणून सूर्यास्ताला आपण प्राण देणार असल्याचे सगळ्यांसमोर जाहीर करते.

यात ‘दारापर्यंत जाऊन परत आली’ एवढेच ज्याला दिसले, त्याने निदान पहारेकऱ्यांचे हात पाहायला हवे होते. त्यांच्याकडे भाले आहेत, संख्या आहे, आणि तरीही त्यांतल्या एकालाही पाते पुढे करता येत नाही. ही आकेची या मोठ्या घराण्याची मुलगी आहे. तिला दारात मारले तर इशिदोचे सगळे सौजन्य त्याच क्षणी खोटे पडते. सोडावे, तर उद्या सगळेच निघतील. म्हणून ते तिला नुसते ढकलत राहतात आणि ती पुन्हा उभी राहिली की त्यांचे चेहरे अधिकच कावरेबावरे होतात. भोवती किल्ल्यातले निम्मे सरदार उभे राहून हे सगळे पाहत आहेत. मारिकोला हवे होते ते हेच पाहणे.

मला हे एवढे ठामपणे का वाटते, ते सांगते. कोल्हापुरात शाळेत असताना मी पेठेतल्या एका तालमीत मर्दानी खेळ शिकत होते. एका शिवजयंतीच्या प्रात्यक्षिकात आमच्यातली थोरली मुलगी काठी घेऊन रिंगणाच्या मध्ये उभी राहिली. चारी बाजूंनी चार मुलगे काठ्या घेऊन येणार आणि तिने वाट काढून वस्ताद उभे होते तिथवर पोहोचायचे, असे ठरले होते. ती पोहोचली नाही. तिची काठी हातातून उडाली, तिने ती उचलली, पुन्हा उडाली, पुन्हा उचलली. माझ्या मागे उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, “पोरगी दमली, बसवा आता तिला.” लोक हसत होते. मी मात्र बाजूने पाहत होते, आणि मला त्या चौघांतल्या एकाचा चेहरा दिसत होता. त्याची काठी हळूहळू मंदावत गेली. आता थांबायला सांगा, अशा अर्थाने तो वस्तादांकडे पाहू लागला. वस्ताद काही बोलले नाहीत. शेवटी त्याने स्वतःच काठी खाली टेकवली आणि तो बाजूला झाला. लोकांना वाटले, हा खेळ संपला. पुढे दांडपट्ट्याने लिंबू कापण्याचा खेळ होता; लिंबाची दोन शकले झाली आणि पेठ टाळ्यांनी दणाणून गेली.

आमच्या गटातले लोक त्या लिंबाला टाळ्या वाजवणारे आहेत. मला चिडायचे नाही असे ठरवून लिहायला बसले होते, पण चीड येते आहे. जिथे पाते दिसते, रक्त दिसते, शकले दिसतात, तिथे यांना शस्त्रविद्या दिसते. जिथे एक माणूस समोरच्याला शस्त्र वापरणेच अशक्य करून टाकतो, तिथे यांना कंटाळा येतो.

निव्वळ खेळाच्या बाजूने पाहिले, तरी तो प्रसंग किती खरा आहे हे कोणी काठी फिरवलेल्या माणसाला विचारावे. नागिनाता म्हणजे माणसापेक्षा उंच दांडा आणि त्याच्या टोकाला वाकडे पाते. आजच्या जपानमध्ये हा खेळ प्रामुख्याने स्त्रिया खेळतात. तिथली नागिनाता दोन मीटरांहून लांब असते आणि नडगीवरचा वारही गुणांत धरतात, म्हणून खेळाडू नडग्यांना संरक्षक पट्ट्या बांधतात. असे लांब शस्त्र चालवायला अंतर लागते, मोकळी जागा लागते आणि पायांना सुट्टी लागते. मारिकोच्या अंगावर थरांवर थर असलेली वस्त्रे आहेत, पाऊल जेमतेम उचलता येईल इतकाच घेर आहे, आणि समोर तितकेच लांब भाले घेतलेली शिस्तीची रांग आहे. अशा वेळी एकट्या माणसाला जिंकता येत नाही, मग तो कितीही तयारीचा असो. दिग्दर्शकाने तिला हवेत उड्या मारायला लावून दहा जण लोळवले असते, तर गटातले सगळे खूश झाले असते आणि माझ्यासारखीने मालिका तिथेच बंद केली असती. त्याऐवजी तिचा श्वास फुललेला ऐकू येतो, दांड्यावरची पकड सुटत चाललेली दिसते, आणि प्रत्येक वेळी ती पुन्हा पाय रोवते. आमचे वस्ताद हातांपेक्षा पायच जास्त पाहत. मारिको साकारणाऱ्या ॲना सवाईचे त्या प्रसंगातले पाय त्यांना दाखवता आले असते, तर किती बरे झाले असते.

मान्य करते, त्याच भागात पुढे रात्री शिनोबींचा, म्हणजे निंजांचा, जो हल्ला होतो, तो बऱ्यापैकी ठरीव साच्याचा आहे. काळ्या कपड्यांतली माणसे अंधारातून येतात आणि कापली जातात, ते आपण अनेकदा पाहिले आहे. गंमत अशी, की गटात कौतुक झाले ते नेमके त्याच पाच मिनिटांचे.

जरा शांतपणे लिहिते. मारिको हे पात्र हवेतून आलेले नाही. जेम्स क्लॅव्हेल यांच्या १९७५ च्या ज्या कादंबरीवरून ही मालिका बेतली आहे, तिने हे पात्र होसोकावा ग्रासिया या खऱ्या स्त्रीवरून घेतले. तिचे मूळ नाव तामा. १५८२ मध्ये ओदा नोबुनागा या तेव्हाच्या सर्वांत बलाढ्य सरदारावर उलटलेल्या आकेची मित्सुहिदेची ती मुलगी. बापाच्या त्या कृत्यानंतर तिला मारून टाकावे लागू नये म्हणून नवऱ्याने तिला डोंगरातल्या गावात लपवून ठेवले. १५८७ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या हिदेयोशीने पाद्र्यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम काढला त्याच वर्षी, तिने बाप्तिस्मा घेतला. १६०० मध्ये इशिदा मित्सुनारीने (मालिकेतला इशिदो याच्यावरून घेतला आहे) ओसाकातल्या सरदारांच्या बायकामुलांना ओलीस धरायला सुरुवात केली, तेव्हा तिने जायला नकार दिला. धर्माने आत्महत्या निषिद्ध, म्हणून घरच्या कारभाऱ्याच्या हातून मरण घेतले आणि वाड्याला आग लावली गेली. त्यानंतर ओलीस धरण्याची ती मोहीम मित्सुनारीलाच अंगाशी आली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला सेकिगाहाराला लढाई झाली, मित्सुनारी हरला आणि १६०३ मध्ये तोकुगावा इयेयासू (मालिकेतला तोरानागा याच्यावरून) शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, झाला. प्रत्यक्षात तिने दारात नागिनाता चालवली नव्हती, ती मालिकाकारांची भर आहे. पण तिच्या नकाराने एका बलाढ्य माणसाचे हात बांधले गेले, हे त्यांनी बनवलेले नाही.

हे माहीत असले, की सूर्यास्ताचा प्रसंग किती जड होतो पाहा. ती ख्रिस्ती आहे, स्वतःच्या हाताने मेली तर तिच्या श्रद्धेनुसार तिला मुक्ती नाही. म्हणून तिने शेवटचा वार करण्यासाठी कियामा या ख्रिस्ती सरदाराला विनंती केलेली असते. तो येतच नाही. ती तरीही बसते, आणि तेव्हा तिच्यावर जीव असलेला इंग्रज खलाशी ब्लॅकथॉर्न पुढे होतो. ते पाप आपल्या माथी घ्यायला तो तयार असतो. अगदी शेवटच्या क्षणी इशिदो येऊन परवाना देतो. सकाळी दारात जे भाल्यांनी अडवले होते, ते संध्याकाळी एका कागदाने मोकळे झाले, आणि त्या दोन वेळांच्या मध्ये तिने कोणाच्याही अंगाला ओरखडासुद्धा काढलेला नव्हता. मी हा भाग तिसऱ्यांदा पाहिला, तेव्हाही या जागी माझा घसा दाटून आला. त्या प्रात्यक्षिकातला काठी टेकवणारा मुलगा आणि परवाना घेऊन आलेला इशिदो यांच्या चेहऱ्यांत मला काही साम्य वाटते. मुलगा भला होता आणि इशिदो भला नाही, एवढाच काय तो फरक. त्या मुलीला कोणी हे सांगितले असेल का, माहीत नाही. मीही तेव्हा काही बोलले नव्हते, मी लहान होते.

रात्रीच्या हल्ल्यात, मारिको आणि बाकीचे आश्रयाला शिरले त्या कोठाराचे दार स्फोटाने उडवणार हे कळल्यावर मारिको त्या दारालाच पाठ लावून उभी राहते आणि आकेची हे माहेरचे नाव उच्चारून आपल्या मृत्यूने इशिदोचा निषेध करते. इथे एका मैत्रिणीने योग्य प्रश्न विचारला आहे: पुरुषाचा डाव जिंकावा म्हणून पुन्हा एकदा बाईच का मरायची? या प्रश्नावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि तोरानागा हा माणूस त्या मैत्रिणीला वाटतो तितकाच मलाही संतापजनक वाटतो. पण हा आक्षेप आणि ‘लढाई कुठे आहे’ हा आक्षेप एका पारड्यात घालू नयेत. मैत्रिणीने मालिका पाहिली आहे. बाकीच्यांनी लिंबू शोधले.

आणखी एका गोष्टीचा मला राग आहे. समाजमाध्यमांवर या प्रसंगाचे जे तुकडे फिरतात, त्यांत तिची माणसे पडतात ते कापलेले असते, तिचे ढकलले जाणे कापलेले असते, आणि उरतात ते नागिनाता फिरवण्याचे काही क्षण, वर ढोल आणि गर्जना. तो तुकडा पाहून कोणी मालिकेकडे वळला, तर त्याला पूर्ण प्रसंग कंटाळवाणा वाटणारच. ज्या हिरोयुकी सानादाने लहान वयात हाणामारीच्या चित्रपटांचा नट सोनी चिबा याच्या ॲक्शन क्लबात तालीम घेतली आणि तलवारीच्या चित्रपटांत तरुणपण घालवले, तो इथे निर्माता आहे, तोरानागा आहे, आणि जवळजवळ सबंध मालिकाभर तलवार म्यानातच ठेवून बसतो. हे त्याला जमत नव्हते म्हणून घडले, असे कोणाला वाटते काय? याच भागाच्या दिग्दर्शनासाठी फ्रेडरिक टॉय यांना एमी हा अमेरिकेतला दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला, सवाईला मुख्य अभिनेत्रीचा मिळाला, आणि पहिल्या पर्वाला एकूण १८ एमी मिळाले, जो एका पर्वासाठीचा विक्रम आहे. पुरस्कारांवरून कलाकृती मोजू नये हे मलाही कळते, पण हसणारे चेहरे टाकणाऱ्यांना आकडे तरी समजतील.

दहाव्या भागावरची कुरकुर आता सुरू होईलच: सेकिगाहारा का दाखवले नाही, घोडे कुठे आहेत, तोफा कुठे आहेत. त्यांना एवढेच सांगते, की तोरानागा त्या भागात त्याच्याशी दगा केलेल्या याबुशिगे या सरदाराला ‘क्रिमझन स्काय’ केव्हाच पार पडले असे सांगतो, तेव्हा कान उघडे ठेवावेत. दिवंगत राज्यकर्त्याच्या लहान वारसाची आई ओचिबा त्या वारसाचे सैन्य इशिदोच्या बाजूने का उतरवत नाही, हेही पाहावे. ती मारिकोची लहानपणची मैत्रीण आहे, आणि दारातला तो प्रकार तिच्यासाठी रील नाही, ती त्याच किल्ल्यात आहे. ओचिबावर स्वतंत्र लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, फुमी निकायदोने तिचे काम असे केले आहे की ती नुसती मान वळवते तरी भीती वाटते. ते रविवारी लिहीन. तोवर गटात कोणाला माझ्याशी वाद घालायचा असेल, तर त्याने नववा भाग सुरुवातीपासून, मोबाइल बाजूला ठेवून पाहावा आणि मगच फोन करावा. रात्री दहानंतर करू नये.