वेळापत्रकाला फाशी

परवा मीटिंगमध्ये मी इंग्रजीत एवढंच सांगत होतो की नवं वेळापत्रक भिंतीवर लावलंय. ‘हॅज बीन हंग’ म्हणालो मात्र, समोरून एक हात वर झाला.

“हँग्ड,” हात म्हणाला. “हंग नाही. ईडी लावायचं. रूल आहे.”

‘हँग्ड’ फक्त माणसाला फासावर देतात तेव्हा. कायद्याची भाषा जुनी रूपं सोडत नाही, म्हणून तेवढ्यापुरतं ते टिकलं. बाकी चित्र, पडदा, वेळापत्रक, सगळं ‘हंग’. हे मी सांगू लागलो, तर गृहस्थ मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून ऐकत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तसं बोलण्यात चालतं हो. पण करेक्ट इंग्लिश वेगळं.” वर साहेबांकडे बघून हसले. साहेबांनी मान डोलावली. दोघांनी मिळून वेळापत्रकाला फाशी दिली आणि मिनिट्समध्ये तशी नोंदही झाली.

रूल म्हणे! ‘पुट’चं पुट, ‘कट’चं कट. ‘रीड’ लिहायचं तसंच, वाचायचं मात्र ‘रेड’. ‘गो’ला स्वतःचा भूतकाळच नाही, ‘वेंट’ हा मुळात ‘वेंड’ नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा, तो यानं सरळ ढापला. ‘हेल्प’चं एकेकाळी ‘होल्पन’ व्हायचं, ते ईडी लावून सरळ झालं. मग ‘गो’ का नाही झालं? तर जी क्रियापदं दिवसभर तोंडात असतात, त्यांचाच वाकडेपणा टिकतो. लोकांना तो विसरायला सवडच मिळत नाही. शाळेत हे कुणी सांगितलं नाही. नुसतं गो-वेंट-गॉन घोकायला लावलं आणि चुकलं की हातावर पट्टी.

आणि ‘यू हॅड बेटर गो’! ‘हॅड’ भूतकाळाचा, पण जायचंय अजून. ‘आय यूज्ड टू’ म्हणजे पूर्वी करायचो, ‘आय अ‍ॅम यूज्ड टू’ म्हणजे सवय झालीय. मधे एक चिमुकला ‘अ‍ॅम’, तेवढ्यानं अर्थ पालटतो.

काल त्याच गृहस्थांचा रजेचा मेल आला. ताप आहे, ‘आय अ‍ॅम लेइंग डाउन’. आडवं पडणं म्हणजे ‘लाय’. ‘ले’ म्हणजे काहीतरी खाली ठेवणं. काय ठेवतायत ते लिहिलं नव्हतं. साहेबांनी तत्काळ ‘गेट वेल सून’ पाठवलं. पाठोपाठ सगळ्यांनी. मीही पाठवलं. इन्क्रिमेंटची यादी अजून लागायचीय.