‘गुण मिळवा, प्रेम मिळवा’ या परीक्षणाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या गेमवर आपण लिहिलेले परीक्षण स्टुडिओतील आम्ही तिघांनी आधी स्वतंत्रपणे वाचले आणि मग एकत्र बसून पुन्हा वाचले. ज्यांच्या वाचनात ते आलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, नाटकाच्या तालमीत प्रॉम्प्टरचे काम करणाऱ्या पात्राची, संवाद वाचत आणि पर्याय निवडत खेळायची ही प्रेमकथा आपल्याला पहिल्या दोन तासांत रेंगाळलेली वाटली. कोणताही पर्याय निवडला तरी काही बदलत नाही, नटी रेवती आणि निखिल यांपैकी ज्याच्या प्रेमात पडू त्यानुसार कथेचा मार्ग वेगळा होतो, पण निखिलचा मार्ग रेवतीच्या मार्गाच्या मानाने उरकल्यासारखा आहे, प्रॉम्प्टरचे मराठी कृत्रिम आहे, आणि मुळात प्रेम म्हणजे बरोबर उत्तरांना मिळणारे गुण अशी या गेमची समजूत दिसते, असे आपले म्हणणे आहे. विंगेतला प्रसंग आणि संगीत आवडल्याचेही आपण लिहिले आहे. त्याबद्दल आभार, पण हे उत्तर आक्षेपांसाठी आहे.

दुसऱ्या अंकात रेवती हातातली संहिता मिटून विचारते, ‘दिवसभर आमचीच वाक्यं पुटपुटायची. तुझं स्वतःचं एखादं आहे की नाही?’ येथे खरे सांगणे, विनोदावर नेणे आणि गप्प राहणे असे तीन पर्याय आहेत. आपण सेव्ह करून तिन्ही तपासले आणि तिन्ही वेळा ती हसून ‘बरं, राहू दे’ एवढेच म्हणाली. पडद्यामागे मात्र अनुक्रमे दोन, एक आणि शून्य गुण जमा होत होते, आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी नऊ गुण भरले की रेवतीचा मार्ग उघडत होता. आपण जे ताडले ते तंतोतंत खरे आहे.

अशा आठ जागा आणि प्रत्येक ठिकाणी तीन पर्याय असतील आणि प्रत्येक फाटा शेवटपर्यंत वेगळा ठेवायचा झाला तर 6,561 वाटा लिहाव्या लागतील. म्हणून या प्रकारच्या गेममध्ये फाटे फुटतात आणि थोड्याच वेळात पुन्हा मुख्य वाटेला येऊन मिळतात. हे गणित खरे असले तरी ते आमच्या बचावाला पुरत नाही, कारण वाट एकच राहिली तरी पात्राला आठवण राहू शकते. आपण गप्प राहिलात हे रेवतीला दोन प्रसंगांनंतर आठवले असते आणि त्यावरून तिने एक तिरकस वाक्य टाकले असते, तर निवड पोकळ वाटली नसती. तांत्रिक अडचणही नव्हती. टॉम रोथामेल यांनी 2004 मध्ये आणलेले रेनपाय हे मोफत इंजिन, म्हणजे असे गेम बनवण्याचे साधन, आम्ही वापरतो, आणि त्यात अशी आठवण ठेवायला एक ओळ पुरते. ती आठवण वापरणारे संवाद लिहिण्याचे कष्ट आम्ही घेतले नाहीत.

गुणांची पद्धत आमची नाही. 1994 मध्ये आलेल्या ‘टोकिमेकी मेमोरियल’ या जपानी प्रेमकथेच्या गेममध्ये ती होतीच, पण तेथे एखाद्या मुलीकडे दुर्लक्ष केले तर तिची नाराजी साचत जाऊन इतरांचेही आपल्याविषयीचे मत बिघडत असे, म्हणजे गुणांमागे माणसांचे एक जग होते. आम्ही त्यातले फक्त कुलूप उचलले. नव्या आवृत्तीत आठपैकी पाच जागी गुण काढून त्या ठिकाणी आठवणी ठेवल्या आहेत. उरलेल्या तीन जागा केवळ संभाषणाचा सूर ठरवणाऱ्या आहेत. त्यांचेही गुण गेले आहेत, पण त्यांतून पुढे काही उगवणार नाही हे आताच सांगून ठेवतो.

संथ सुरुवातीबद्दल आपण एक शंका घेतली आहे आणि ती आम्हाला लागली. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. ती मुदत टळावी म्हणूनच आम्ही कथा ताणली असावी, असा आपला कयास आहे. तसा हेतू नव्हता. परंतु पहिला पर्याय यायला जवळजवळ पन्नास मिनिटे लागत असतील, तर पैसे मोजून बसलेल्या माणसाने आमचा हेतू कशावरून ओळखावा? आता तो पर्याय पहिल्या पंधरा मिनिटांत येतो, आणि संपूर्ण पहिला अंक विनामूल्य डेमो म्हणून ठेवला आहे.

तालमींची पुनरावृत्ती मात्र आम्ही काढणार नाही. पहिल्या तीन तालमींत रेवतीचे तेच स्वगत आपल्याला तीनदा ऐकावे लागते, ही आपली तक्रार आहे. प्रयोगाच्या वेळी ती त्याच स्वगतात अडखळते, संगीत थांबते, पडद्यावर कोणताही पर्याय येत नाही आणि रिकाम्या चौकटीत पुढचा शब्द आपल्याला टाइप करावा लागतो. विंगेतला जो प्रसंग आपल्याला आवडला तो हाच. तो शब्द आपल्या ओठांवर होता, कारण कंटाळा येईपर्यंत तो आपण ऐकला होता.

निखिलच्या मार्गाबद्दल वाद घालण्यासारखे काही नाही. हाताशी असलेले पैसे संपत आले तेव्हा आम्ही तो आटोपला, आणि प्रकाशयोजनाकार असलेल्या त्या पात्राच्या वाट्याला एकही पूर्ण चित्र आले नाही. 2012 मध्ये मोफत प्रसिद्ध झालेल्या ‘काटावा शोजो’ या अशाच प्रकारच्या गेममध्ये पाच नायिकांचे मार्ग आहेत, असे आपण सुनावले आहे. स्वयंसेवकांच्या त्या चमूने त्यासाठी सुमारे पाच वर्षे घातली, पण विकत घेणाऱ्याने हा हिशेब का करावा? विक्रीच्या पानावरील ‘दोन पूर्ण प्रेमकथा’ या शब्दांतला ‘पूर्ण’ हा शब्द आम्ही काढून टाकला आहे.

‘माझे थांबणे झाले’ असे कोण बोलते, हा आपला प्रश्न वाचून आम्हालाही हसू आले. प्रॉम्प्टर स्त्री की पुरुष हे खेळणाऱ्याने ठरवावे अशी आमची इच्छा होती आणि मराठी क्रियापद ते लगेच उघड करते. ‘मी चिठ्ठी वाचली’ कोणीही म्हणू शकते, पण ‘मी थांबलो’ आणि ‘मी थांबले’ यांपैकी एक निवडावेच लागते. आम्ही ते टाळत गेलो आणि भाषा आखडत गेली. आता सुरुवातीलाच एक प्रश्न विचारला जातो आणि त्यानुसार क्रियापदे बदलतात. सोय म्हणून केलेली ही टाळाटाळ इतके दिवस आम्ही प्रयोगशीलता म्हणून मिरवत होतो, हेही कबूल करतो.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. एका शेवटात रेवती म्हणते, ‘माझी वाक्यं तू नेहमी सांभाळलीस. माझं मत मात्र कधी विचारलं नाहीस,’ आणि निघून जाते. गुण कमी पडले की हा शेवट मिळत असे आणि मिळालेले शेवट दाखवणाऱ्या गेममधील दालनात त्याच्याखाली ‘वाईट शेवट’ अशी पाटी होती. नकार देणारी स्त्री म्हणजे खेळणाऱ्याला झालेली शिक्षा, असा त्याचा अर्थ आपण लावला. त्या पाटीमुळे दुसरा अर्थ निघूच शकत नव्हता. पाटी काढली आहे. आता चौथ्या अंकात तिला न विचारता तिच्या वतीने दिग्दर्शकाशी बोललात तरच हा शेवट येतो, मग त्याआधी आपण तिच्याशी कितीही गोड वागलेले असा. नकारानंतर तिला पुन्हा विचारण्याची संधी द्यावी, अशी मागणी काही खेळाडूंनी केली आहे. ती आम्ही मान्य करणार नाही. तिचे उत्तर देऊन झाले आहे.

जुन्या सेव्हमध्ये या नव्या आठवणी नसल्याने दुसऱ्या अंकापासून पुन्हा खेळावे लागेल, त्याबद्दल दिलगीर आहोत. ‘स्किप’ चालू ठेवल्यास वाचलेला मजकूर पटकन मागे पडेल आणि नव्याने घातलेल्या संवादांपाशी ते आपोआप थांबेल.