न येताच गेलेली गाडी

नाक अजून गळतंय, गुडघे बोलत नाहीयेत आणि डोक्यात ते काका पाय पसरून बसलेत, त्यामुळे हे लिहून टाकते.

डोंगराच्या अलीकडून चढायचं, खिंड ओलांडून पलीकडे उतरायचं आणि तिथल्या स्टॉपवर दुपारची गाडी पकडून पुढे जायचं, एवढाच प्लॅन होता. एकटीने. वेळेचा हिशोबही नीट केला होता. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसाने १८९२ सालीच नियम करून ठेवलाय, ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला वर आणखी एक तास. पण समोरून वारा छातीवर हात ठेवून मागे ढकलत असेल तर किती मिनिटं धरायची ते त्या भल्या माणसाने सांगितलेलं नाही. हवामानाचा अंदाज तर पायथ्याचा असतो. वर दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात आपण भिजलेले, त्यात वारा. पाऊस वरून पडतो ही खालच्या लोकांची समजूत आहे हो. खिंडीत तो आडवा येतो, आणि एका कड्यापाशी तर चक्क खालून वर आला. रेनकोटच्या टोपीचं एक कळत नाही, आपण मान वळवली तरी ती समोरच बघत राहते, म्हणजे वाट बघायला डावीकडे वळावं तर नाकासमोर टोपीचं अस्तर. फोनची बॅटरी बऱ्यापैकी होती, गारठ्याने तोही मिटला.

उतारावर धुक्यातून इंजिनाचा आवाज आला आणि मी शिट्टी काढली. डोंगरात मदत मागायची रीत ठरलेली आहे, एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर गप्प, मग परत सहा. ऐकणाऱ्याने तीन मारून उत्तर द्यायचं. १८९४ पासून चालत आलंय हे. मी इमानदारीत सहा मारल्या, थांबले, परत सहा मारल्या आणि धावत सुटले.

स्टॉपच्या शेडमध्ये एक काका, कोरडे ठणठणीत, बाकावर आडवी छत्री.

"काका, गाडी गेली का?"

"गेली की."

"आत्ता?"

"आत्ता म्हणजे, आली नाही ना ती."

"मग गेली कशी?"

"न येताच गेली." आणि माझ्याकडे असे बघायला लागले की ह्यात न कळण्यासारखं काय आहे. "खालच्या वळणापर्यंत आली, धुकं बघितलं, तिथूनच वळवली. कंडक्टरने उतरून शिट्ट्या मारल्या ना रिव्हर्स घ्यायला. सहा मारल्या, थांबला, परत सहा मारल्या."

मी म्हटलं, "काका, ती शिट्टी माझी होती."

काका बराच वेळ माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे गाडी तुम्हीच वळवलीत."

आता काय बोलणार! मी म्हटलं, अहो ती संकटाची खूण आहे, जगभर चालते. काका म्हणाले, "ड्रायव्हरला काय माहीत? त्याने ऐकली, घेतली मागे. मला पण वाटलं, आज कंडक्टर फार मनापासून वाजवतोय." मग जरा पुढे झुकून, "आणि ताई, एकट्याच?"

हा प्रश्न मला डोंगराच्या अलीकडच्या बाजूलाही विचारला गेला होता. सोबत कोणी असतं तर गाडी आली असती का? दोघं भिजलो असतो, बाकी काय. आणि धुक्यामुळे गाडी अर्ध्यातून वळते हे जर सगळ्या गावाला माहितीये तर स्टॉपवर दोन ओळींची पाटी लावायला कुणाचे हात धरलेत? वेळापत्रक मात्र आहे, काचेच्या आत, आतून पाणी शिरलेलं, दुपारच्या वेळेची शाई ओघळून संध्याकाळच्या वेळेत गेलेली. तिथे चौकशीचा नंबरही होता. शेवटचे दोन आकडे वाहून गेलेले.

"पुढची गाडी?"

"सकाळी. आली तर."

"मग तुम्ही कसली वाट बघताय?"

"मी पाऊस थांबायची बघतोय. माझी मोटारसायकल आहे ना मागे."

माझ्या चेहऱ्यावर आशा दिसली असावी, कारण त्यांनी लगेच विषय बदलला आणि ह्या वर्षी वारा कसा जास्त आहे ते सांगायला लागले. मी पाठपिशवी उचलली आणि खालच्या मोठ्या रस्त्याकडे चालायला लागले. बुटातून प्रत्येक पावलाला पचक पचक.

अर्ध्या रस्त्यात पाऊस थांबला. मागून हॉर्न वाजला. मी कडेला झाले. काका आले, मागच्या सीटवर छत्री दोरीने नीट आवळून बांधलेली. वेग कमी करून म्हणाले, "शिट्टी मारू नका हां, सकाळची पण जाईल," आणि गेले.