लाइट आली की एसीला सात मिनिटं द्या

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. अकोल्याचा मे म्हणजे संध्याकाळी सातलाही टाकीचं पाणी थेट अंगावर घेता येत नाही. साडेपाचला वावटळ आली, मागच्या गल्लीतल्या कडुनिंबाची फांदी तारांवर पडली आणि लाइन गेली. डीपीजवळ, म्हणजे कॉलनीच्या ट्रान्सफॉर्मरजवळ, ठिणग्या उडालेल्या पोरांनी पाहिल्या. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला ओल्या पंचाने वारा घालत तीन तास काढले.

आठ चाळीसला लाइट आली. कॉलनीभर "आली आली" झालं आणि मी पंख्याच्याही आधी एसीचा रिमोट दाबला. झडप उघडली, वारा आला, पण गार नाही. बंद केला, लावला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मोड बदलला, रिमोटचे सेल काढून तळहातावर घासून परत घातले (हे आपण का करतो देव जाणे). दहा मिनिटांत मी तो एसी आठ-नऊ वेळा तरी चालू-बंद केला असेल. शेजारच्या काकांनी जिन्यातूनच निकाल दिला, "गॅस गेला." आता गॅस नळीतून गळतो, तारेतून गळत नाही. साडेपाचपर्यंत खोली गार होती आणि लाइटबरोबर गॅसही गेला, हे कसं होईल? पण उकाड्यात डोकं चालत नाही. मीही मान हलवली.

नंतरच्या चार दिवसांत जे शिकलो त्यावरून माझं मत पक्कं झालंय. लाइट जाऊन आल्यावर एसी चालत नसेल तर आधी विजेकडे बघा, मग घड्याळाकडे, आणि एसीकडे सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो आणि काही दुरुस्तीवाल्यांचं पोट त्या उलट्या क्रमावर भरतं.

आधी घड्याळाचं सांगतो. एसी चालू असताना कॉम्प्रेसरच्या एका बाजूला गॅसचा दाब खूप असतो, दुसऱ्या बाजूला कमी. लाइट गेली की तो दाब बारीक नळीतून हळूहळू सारखा होतो. त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. त्याआधी कॉम्प्रेसर सुरू केला तर मोटर तुंबलेल्या दाबावर जोर लावते, फिरत नाही, आणि नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. म्हणून एसीत तीन मिनिटांची सक्तीची थांब असते. स्टॅबिलायझरचीही स्वतःची तेवढीच थांब असते. दोन्ही मिळून सहा-सात मिनिटं खोलीत नुसता वारा येणार, हे धरूनच चालायचं. तीन तासांनी लाइट आली तर दाब केव्हाच सारखा झालेला असतो, पण यंत्राला ते कळत नाही, ते आपली मिनिटं मोजतं. आणि आपण दर मिनिटाला रिमोट दाबला की बऱ्याच एसींत ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे त्या रात्री पहिली दहा मिनिटं एसी माझ्यामुळेच बंद होता.

आता वीज. स्टॅबिलायझरवर आकडा असतो, तो मी पाच वर्षांत कधी वाचला नव्हता. त्या रात्री बायकोने वाचला. 171. यायला पाहिजेत 230. कारण साधं आहे. लाइट आल्याबरोबर सगळ्या कॉलनीचे एसी, कूलर, फ्रिज आणि पाण्याच्या मोटरी एकदम त्या एका डीपीवर तुटून पडतात. आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 230 चे 171 झाले तर आकडा पाव हिश्श्यानेच उतरलेला दिसतो, पण सुरू होतानाचा जोर निम्म्याच्या जवळ येतो. स्टॅबिलायझर सावरून घेतो खरा, पण त्याच्या मर्यादेपर्यंतच. अशा वेळी अर्धा तास एसी बंद ठेवून कूलर लावावा. आमच्याकडे कूलर अजून आहे, नव्या ताट्या लावलेला. त्याला ना तीन मिनिटं लागतात ना दाब सारखा व्हावा लागतो. विदर्भात एसी आला म्हणून कूलर भंगारात देणाऱ्यांना मी शहाणं म्हणणार नाही.

साडेनऊला आकडा 214 वर आला. एसी लावला, मिनिटं मोजली. गच्चीवर जाऊन बाहेरच्या युनिटपुढे हात धरला. ही खूण लक्षात ठेवा. बाहेरचा पंखा फिरतोय आणि हवा चांगली कढत लागतेय, तर कॉम्प्रेसर चालू आहे. हवा आजूबाजूसारखीच असेल तर कॉम्प्रेसर बंद आहे. (मे महिन्यात आजूबाजूची हवाही कढतच असते, त्यामुळे जरा नीट हात धरावा लागतो.) आमचा पंखा फिरत होता. आतून "गूंऽऽ" असा आवाज यायचा, चार-पाच सेकंद, मग "टक्". मग बराच वेळ काही नाही. तो टक् म्हणजे कॉम्प्रेसरचं ओव्हरलोड. मोटर तापली की ते पुरवठा तोडतं आणि थंड झाल्यावर जोडतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते थंड व्हायला कधी कधी अर्धा-पाऊण तास घेतं. "तासाभराने आपोआप चालू झाला बुवा" या चमत्काराच्या मागे पुष्कळदा हेच असतं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिसवाला आला. कव्हर न उघडता, रिमोट दोनदा दाबून म्हणाला, "लाइट गेली होती ना? कार्ड उडालं. आठ हजार दोनशे." मी म्हटलं, मीटर लावून बघ ना. त्याच्याकडे मीटरच नव्हतं! माझा राग आठ हजारांवर नाही. कार्ड, म्हणजे एसीचं इलेक्ट्रॉनिक सर्किट, खरंच जळलं असेल तर बदलावंच लागतं. पण न मोजता निदान करणाऱ्या माणसाला आपण व्हिजिटचे पैसे देतो, वर चहाही पाजतो.

मग आमच्या वायरमनला बोलावलं. पंचविशीतलं पोरगं, पंखे आणि मोटरी बांधून देतो. त्याने आधी मेन बंद केला, मग बाहेरच्या युनिटचं झाकण काढलं. आत हाताच्या मुठीएवढा ॲल्युमिनियमचा डबा. त्याची दोन टोकं मूठवाल्या पेचकसाने एकमेकांना टेकवणार होता, तेवढ्यात स्वतःच थांबला आणि जुन्या बल्बच्या होल्डरला जोडलेल्या दोन वायरी पिशवीतून काढून त्या टोकांना लावल्या. "काका, वीज बंद केली तरी याच्यात करंट राहते. तुम्ही हात नका लावू कधी." डब्याचं डोकं सपाट पाहिजे, ते पुरीसारखं फुगलं होतं. अंगावर छापलेली क्षमता 50 मायक्रोफॅरड, मीटरवर आली 31.

"कार्ड-बिर्ड काही नाही गेलं. कंडेन्सर बसला."

मोटरला सुरू व्हायला जोर देणारा हा डबा. पंख्याच्या हिशेबाने आपल्याकडे सगळे याला कंडेन्सरच म्हणतात. एसीत कंडेन्सर नावाची दुसरीच वस्तू असते, बाहेरची जाळी, म्हणून कंपनीवाले याला कपॅसिटर म्हणतात. फोनवर बोलताना हा फरक सांभाळा, नाहीतर डब्याऐवजी जाळीचा भाव ऐकून छाती धडधडेल. तो डबा आधीपासूनच थकत आलेला असणार. लाइट आल्यावर कॉम्प्रेसर पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा तो बसला, असा माझा अंदाज. साडेतीनशे रुपयांचा डबा, दोनशे मजुरी.

समोरच्या लाइनीतल्या घराचं मात्र खरंच कार्ड गेलं होतं, आणि तिथली गोष्ट वेगळी होती. त्या फांदीने त्यांच्या बाजूचा न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तोडला होता. न्यूट्रल तुटला की 230 ची शिस्त संपते. दोन फेजमधले 415 तिथल्या घरांत कमी-जास्त वाटले जातात. ज्या घरात भार कमी त्याच्या वाट्याला जास्त. त्यांच्याकडे हॉलचा दिवा कधी नव्हे इतका लख्ख पेटला आणि शेजारच्या घरात मिणमिणला. असं दिसलं तर रिमोट शोधत बसू नका, धावत जाऊन मेन पाडा आणि वीज कंपनीच्या तक्रारीच्या 1912 नंबरला फोन लावा. त्यांच्या कार्डावरची निळी चकती, साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढी, तडकून काळी पडली होती. जास्त व्होल्टेज आलं की आपण जळून शेजारचा फ्यूज उडवायचा, एवढ्यासाठीच ती तिथे बसवलेली असते. कधी कधी चकती आणि फ्यूज बदलून कार्ड पुन्हा उभं राहतं. त्यांचं राहिलं नाही. पण निदान दुरुस्त होतंय का ते कुणीतरी बघितलं तरी.

एमसीबीचंही (भार वाढला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) सांगतो, कारण फसायला होतं. पडलेली एमसीबी कधी कधी मध्येच लटकते आणि लांबून चालूच वाटते. तिला आधी पूर्ण खाली ओढायची, मगच वर. आणि लगेच पुन्हा पडली तर तिच्याशी जबरदस्ती नको, वायरमन बोलवा.

आता लाइन गेली की मी पहिल्यांदा एसीचा बोर्डावरचा स्विच बंद करतो. कारण लाइट पहिल्या खेपेला क्वचितच धड येते. येते, डिओ (डीपीवरचा फ्यूज) उडतो, जाते, परत येते. नव्या एसींना लाइट आल्याबरोबर आपोआप सुरू व्हायची सोय असते, ती या खो-खोत गोत्यात आणते.

परवा पुन्हा गेली होती, तासभर. आली तेव्हा आईने घड्याळ बघितलं आणि समोरच्या काकूंना फोन लावला, "आली का गं तुमच्याकडे? दिवा कसा आहे, लख्ख की नेहमीसारखा?"