‘असेंबलर एरर देतोच की!’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: असेंब्ली भाषेत व्हेरिएबल डीबी (एक बाइट) असेल तर एएल, डीडब्ल्यू (दोन बाइट) असेल तर एएक्स हे रजिस्टर (प्रोसेसरमधली छोटी साठवणजागा) वापरायचं, एवढं सांगायला अख्खा लेख कशाला? साइज जुळली नाही तर असेंबलर (असेंब्लीचा मशीन कोड करणारा प्रोग्रॅम) एरर देतोच. आणि माझ्या बेरजेच्या उदाहरणात चूक आहे.

आधी चुकीचं. आहे, मान्य. वय एएलमध्ये घेतलं आणि पुढच्याच ओळीत एएक्स वापरून मोकळा झालो. एएच, म्हणजे एएक्सचा वरचा बाइट (एएल हा खालचा), साफच केला नाही. माझ्याकडे त्यात नेमकं शून्य होतं, म्हणून उत्तर बरोबर आलं. चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे कोण वळून बघतो! आता तिथे मूव्हझेडएक्स घातलंय; ते वरचे बिट शून्याने भरतं. (हे इन्स्ट्रक्शन ८०३८६ प्रोसेसरसोबत, १९८५ साली आलं. ८०८६ वर प्रॅक्टिकल करणाऱ्यांनी सरळ एएचमध्ये शून्य टाकावं.)

पण एररचं म्हणाल, तर ते मॅझम या मायक्रोसॉफ्टच्या असेंबलरच्या बाबतीत खरं. डीबी लिहिलेलं तो लक्षात ठेवतो आणि एएक्सशी गाठ घातली की अडवतो. नॅझम हा दुसरा असेंबलर लक्षात ठेवत नाही. त्याच्या लेखी व्हेरिएबलचं नाव म्हणजे नुसता पत्ता. तिथून किती बाइट उचलायचे ते रजिस्टरवरून ठरतं. करून बघा. ‘अ’ डीबी ५, लगेच खाली ‘ब’ डीबी ३. आता ‘मूव्ह एएक्स, [अ]’. नॅझम हूं की चूं करत नाही, आणि एएक्समध्ये ५ ऐवजी ७७३ येतात. शेजारचा ३ वरच्या बाइटमध्ये जाऊन बसला: ३ गुणिले २५६, अधिक ५. उलटं, म्हणजे ‘मूव्ह [अ], एएक्स’ केलंत तर ‘ब’ मुकाट्याने पुसला जातो आणि गडबड दिसते ती वीस ओळी खाली. एकदा याच्यापायी माझी अख्खी संध्याकाळ गेली आहे. नॅझम अडतो तो ‘इन्क [अ]’ (‘अ’मध्ये एक मिळव) वर. तिथे रजिस्टरच नाही, मग साइज ओळखणार कशावरून? ‘बाइट’ असं आपणच लिहून द्यावं लागतं.

‘आता ६४ बिटचा जमाना, सगळं आरएएक्समध्ये (एएक्सचं ६४ बिटचं रूप) घ्या’ म्हणता, आणि खाली दिलेल्या चार ओळींत तुम्ही डीबी असलेलं तापमान थेट आरएएक्समध्ये घेतलंय. म्हणजे एकाऐवजी आठ बाइट उचललेत. ईएएक्समध्ये (आरएएक्सचा खालचा ३२ बिटचा भाग) लिहिलं की आरएएक्सचे वरचे ३२ बिट आपोआप शून्य होतात, हे तुमचं बरोबर आहे. पण एएल किंवा एएक्समध्ये लिहिलं तर वरचं जसंच्या तसं राहतं.

आणि तापमानाला माझं मूव्हझेडएक्सही चालणार नाही. उणे ५ टाकलंत तर २५१ दिसतील. तिथे उणे-अधिक चिन्ह जपणारं मूव्हएसएक्स लागतं: ‘मूव्हएसएक्स आरएएक्स, बाइट [तापमान]’.